नाशिक परिसरात फोटोग्राफी शिकताना: आधी वेळ ठरवा, मग जागा

नवा कॅमेरा घेतला, किंवा फोन बदलला आणि त्याचा कॅमेरा बरा निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला: "या रविवारी कुठे जाऊ?" कुणी हरिहर गडाचं नाव काढतं, कुणी दुगारवाडी धबधब्याचं. मंडळी अकराच्या सुमाराला तिथे पोहोचतात, डोक्यावरच्या उन्हात मनसोक्त फोटो काढतात आणि घरी आल्यावर म्हणतात, रीलमध्ये होतं तसं काहीच दिसलं नाही. जागा तीच असते, तास वेगळा असतो. म्हणून या लेखात "कुठे"पेक्षा "कधी"वर जास्त भर आहे.

नाशिक जिल्हा त्यासाठी फार सोयीचा आहे. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा इथे सह्याद्रीचा धो धो पाऊस, तर पूर्वेला सिन्नर, येवला, नांदगाव या बाजूला पावसाची वाट बघणारी माळरानं. मध्ये गोदावरीचं खोरं, द्राक्षबागा, कांद्याच्या चाळी. शहरातून कुठल्याही दिशेला दीड-दोन तास गेलात की हवा, झाडं, घरांची छपरं, माणसांची बोली सगळं बदलतं. दुर्गम जागेसाठी लडाखला जायची गरज नाही. आणि शिकताना तर जाऊच नका. जिथे पुन्हा पुन्हा जाता येईल अशीच जागा निवडा.

पहिली पायरी: वर्षाचं वेळापत्रक भिंतीवर लावा

घरात कालनिर्णय असेलच. त्यावर पेन्सिलीने खुणा करायला बसा. जूनअखेर ते ऑगस्ट: त्र्यंबक-इगतपुरी भागात ब्रह्मगिरीवर उतरणारे ढग आणि खाचरांत भाताची आवणी (रोपांची लावणी). आवणीचा काळ थोडाच असतो आणि तो पावसावर ठरतो, त्यामुळे तारीख लिहू नका, नुसता महिना लिहा. सप्टेंबर: डोंगरउतारांवर सोनकीची फुलं, कारवी मात्र सात वर्षांनी एकदाच फुलते, त्या वर्षी बाकीचे बेत रद्द करायला हरकत नाही. ऑक्टोबर: द्राक्षांची फळछाटणी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी: नदीवरचं धुकं आणि पाहुणे पक्षी. संक्रांतीला येवल्याची पतंगबाजी. रंगपंचमीला नाशिकच्या रहाडी (रंगाचे हौद). चैत्रात वणीच्या यात्रेसाठी खान्देशातून पायी येणारे भाविक. एप्रिल-मे: आदिवासी पट्ट्यातले बोहाडे (मुखवटे घालून काढलेल्या सोंगांचे उत्सव), आणि अमावास्येच्या आसपास आकाशगंगा.

यातला एकच क्षण निवडा. सगळं एका वर्षात करायला गेलात तर कशाचाच धड फोटो हाती लागत नाही. एकच विषय धरून तीन-चार वेळा गेलात तर शेवटच्या खेपेला कुठे उभं राहायचं ते पायांनाच कळतं.

दुसरी पायरी: उजेड कुठून येतो ते आधी बघून ठेवा

हे काम घरी बसून होतं. नकाशावर जागा बघा, पूर्व-पश्चिम ओळखा, आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा लिहून घ्या. नाशिकला जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, जूनमध्ये सहाच्या आतच. हिवाळ्यात तो आग्नेयेकडे सरकलेला असतो आणि दिवसभर तिरका राहतो, म्हणून हिवाळ्यात सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतही फोटो निघतात. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र सूर्य भर दुपारी थेट माथ्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत आठनंतर कॅमेरा पिशवीत ठेवलेलाच बरा.

पांडवलेणी याला अपवाद आहे, आणि नवख्यांसाठी ती फार चांगली शाळा आहे. लेण्यांची तोंडं उत्तरेच्या अंगाला असल्याने वर्षाचा बराच काळ आत थेट ऊन येत नाही. समोरच्या आकाशाचा मऊ उजेड येतो. दुपारीसुद्धा खांबांवरचं कोरीवकाम नीट दिसतं. स्मारक पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तेव्हा ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते. फोन दगडी कट्ट्यावर टेकवून, टायमर लावून काम भागतं.

तिसरी पायरी: चार-पाच सेटिंग, जास्त नाहीत

फोन असेल तर: काच पुसा (हसू नका, निम्मे धूसर फोटो बोटांच्या तेलाने होतात). चौकटीच्या रेषा चालू करा. बोटांनी चिमटून झूम करू नका. दोन पावलं पुढे जा. ज्याचा फोटो काढायचा त्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद होतो, मग शेजारी दिसणारी सूर्याची खूण वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करा. झपाट्याने घडणाऱ्या गोष्टीसाठी बर्स्ट (एकापाठोपाठ अनेक फोटो) वापरा.

कॅमेरा असेल तर पूर्ण मॅन्युअलच्या हट्टाला पेटू नका. माणसं आणि पक्ष्यांसाठी शटर प्रायॉरिटी (शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते तुम्ही ठरवता), देखाव्यांसाठी ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्स किती उघडायची ते तुम्ही ठरवता), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो. सुरुवातीचे आकडे असे धरा: चालणारा माणूस १/२५० सेकंद, उडणारा पक्षी १/१६००, धबधब्याचं पाणी दुधासारखं हवं असेल तर ट्रायपॉडवर १/४ सेकंद. डोंगररांगांना ॲपर्चर एफ/८ किंवा एफ/११. ताऱ्यांसाठी ट्रायपॉडवर रुंद (वाइड अँगल) लेन्स, तिचं सर्वात मोठं ॲपर्चर, आयएसओ ३२००, सुमारे २० सेकंद. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात) साठवा. नंतर उजेड-सावली दुरुस्त करायला जागा राहते.

एक गोष्ट मात्र पक्की समजून घ्या, कारण नाशिकमध्ये ती पावलोपावली आडवी येते. कॅमेऱ्याला समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं वाटतं. काळाराम मंदिराचा काळा दगड समोर असेल तर त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो फोटो उजळवून दगड राखाडी करून टाकतो. तिथे उजेड एक पायरी कमी करा (+/- च्या पट्टीवर -१). उलट धुकं, पांढरं धोतर, दुधाळ ढग समोर असतील तर तो सगळं मळकट करतो. तिथे एक पायरी वाढवा.

चौथी पायरी: गंगेवर सराव

सरावासाठी गोदाघाटासारखी जागा नाही. नाशिककर त्याला गंगाच म्हणतात. हिवाळ्यात सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोहोचा. नदीवर वाफेसारखं धुकं असतं, दिवे अजून चालू असतात, आकाश निळं झालेलं असतं. ही निळाई वीसएक मिनिटं टिकते आणि बहुतेकांचा पहिला चहा संपायच्या आत निघून जाते. चहा नंतर घ्या.

पंचवटी पूर्वेच्या काठावर आहे. त्यामुळे सकाळचं पहिलं ऊन पलीकडच्या, पश्चिम काठावरच्या पायऱ्यांवर पडतं. पंचवटीच्या बाजूने बघितलंत तर समोर उजळलेल्या भिंती आणि रंग मिळतात. पश्चिम काठावरून बघितलंत तर सूर्य समोर येतो, आणि धुक्यात माणसांच्या, कळसांच्या काळ्या आकृत्या उभ्या राहतात. एका सकाळी एकच काठ धरा. धावपळ करून दोन्ही काठ गाठायला गेलात तर दोन्हीकडची वेळ हुकते.

आता थांबायला शिका. चौकट आधी ठरवा: पायऱ्यांचा कोपरा, एखादी दीपमाळ, पाण्यातलं प्रतिबिंब. मग त्या चौकटीत कुणीतरी येण्याची वाट बघा. निर्माल्य घेऊन येणारी बाई, कबुतरांना दाणे टाकणारं पोर, डोक्यावर पाटी घेतलेला भाजीवाला. बुधवारी घाटावर आठवडे बाजार भरतो, त्या दिवशी वाट फार बघावी लागत नाही. माणसाच्या मागे कॅमेरा घेऊन पळण्यापेक्षा हे सोपं आणि सभ्य.

सभ्यतेचा मुद्दा निघालाच आहे तर स्पष्ट सांगतो. याच घाटावरच्या रामकुंडावर रोज अस्थिविसर्जन आणि दशक्रिया विधी चालतात. मुंडण करून बसलेला मुलगा, पिंड ठेवून कावळ्याची वाट बघणारं कुटुंब हे तुमच्या स्ट्रीट फोटोग्राफीचे विषय नाहीत. लांबच्या लेन्सने गुपचूपही नाही. स्नान करणाऱ्या बायकांचे फोटो कुणी काढत असेल तर त्याला हटकायला मागेपुढे बघू नका.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की हाच घाट ओळखू येत नाही. पाणी दुतोंड्या मारुतीच्या पायाला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असं शहरभर मोजलं जातं. हा खरा नाशिकचा क्षण. पण फोटो उंचावरून, पोलिसांनी आखलेल्या हद्दीबाहेरून काढा. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या काळात घाटाकडे जाणारे रस्ते आणि नियम बदलतात, त्याची चौकशी निघण्याआधी करा.

रहाडींबद्दल थोडक्यात: पेशवेकाळातले हे रंगाचे हौद वर्षभर जमिनीखाली बंद असतात आणि रंगपंचमीला उघडतात. तिवंधा चौक, शनी चौक इथे गर्दी असते. धप्पा मारणारा (हौदात उडी घेणारा) माणूस हवेत असतो तेवढाच क्षण. काठावर उभे राहिलात तर फोन रंगात जाणार. समोरच्या घरमालकाला विचारून गॅलरीतून काढा, १/१००० सेकंद ठेवा, आणि फोन पारदर्शक पिशवीत असू द्या.

पाचवी पायरी: नांदूरमध्यमेश्वर, म्हणजे संयमाची परीक्षा

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ बंधाऱ्याच्या फुगवट्यावर ही पाणथळ जागा तयार झाली. १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून घोषणा झाली. चापडगावकडून आत जा. तिकीट आणि कॅमेऱ्याची फी वनखात्याच्या चौकीवर भरायची. सुटे पैसे जवळ ठेवा.

चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, चमचा, जांभळी पाणकोंबडी इथे सहज दिसतात. साध्या फोनने मात्र पक्षी ठिपक्याएवढाच येणार, हे मान्य करूनच जा. दोन मार्ग आहेत. एक, पक्ष्याच्या मागे न लागता थवा, पाणी आणि उगवता सूर्य असा मोठा देखावा घ्या. त्यात फोन कमी पडत नाही. दुसरा, स्थानिक गाईडकडे दुर्बीण असेल तर तिच्या भिंगाला फोनची लेन्स टेकवून फोटो काढा. हात स्थिर राहिला तर निकाल बघून तुम्हीच चकित व्हाल.

मनोऱ्यावर जाऊन बसा आणि अर्धा तास काहीही करू नका. थवा उडवण्यासाठी टाळ्या वाजवणारे, दगड टाकणारे लोक दिसतील. त्या पक्ष्यांनी हजारो किलोमीटर प्रवास केलेला असतो, आणि तुमच्या एका फोटोसाठी त्यांना चरणं सोडून उडावं लागतं. थवा शिकारी पक्षी दिसला की आपोआप उठतो. तयार राहा म्हणजे झालं.

परतताना निफाड-पिंपळगावच्या बागांकडे लक्ष असू द्या. कडाक्याच्या थंडीत द्राक्षमणी वाचवण्यासाठी शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. वेलींच्या मांडवाखाली धूर आणि त्यात सकाळची तिरीप, हा देखावा थंडीची लाट असेपर्यंतच. बागेत शिरण्याआधी मालकाला विचारा. फवारणी चालू असेल तर बाहेरच थांबा.

सहावी पायरी: पेठ, सुरगाणा आणि पाडे

इथे खऱ्या अर्थाने दुर्गम भाग सुरू होतो. रस्ते आता बरे आहेत, पण पाड्यांवर रेंज मिळेलच असं नाही. रेंज नसली की फोन सतत टॉवर शोधतो आणि बॅटरी उतरवतो, म्हणून एअरप्लेन मोड लावा. नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून घ्या. रोख पैसे ठेवा, पेट्रोल शहरातच भरा. गाडी नसेल तर मुक्कामी एसटी शोधा: ती संध्याकाळी गावात पोहोचते आणि पहाटे परतते. गावात कुणाकडे राहायची सोय आधी झाली असेल तर सूर्योदयाला तुम्ही आपसूक जागेवर असता. परत मात्र दुपारच्या गाडीने निघा, नाहीतर उजेड यायच्या आत गाडी निघून गेलेली असेल.

पाड्यावर पोहोचल्यावर कॅमेरा बाहेर काढू नका. आधी राम राम घाला, कुठून आलात, कशासाठी आलात ते सांगा. पोलीस पाटील किंवा सरपंच भेटले तर उत्तम. कोरा चहा पुढे आला तर घ्या, बसा. मग, "मावशी, तुम्ही नागली पाखडताय त्याचा फोटो काढला तर चालंल का?" असं सरळ विचारा. नाही म्हणाल्या तर विषय संपला. हो म्हणाल्या तरी लगेच ताठ होऊन कॅमेऱ्याकडे बघत उभ्या राहतील. तो फोटोही काढा. त्यांना तोच हवा असतो. त्यानंतर गप्पा चालू ठेवा. थोड्या वेळाने त्या पुन्हा कामाला लागतात, आणि तुम्हाला हवा तो क्षण तेव्हा येतो.

उन्हाळ्यात या भागात हंडे घेऊन लांबवर चालणाऱ्या बायका दिसतील. जिथे एवढा पाऊस पडतो तिथेच मार्चनंतर विहिरी आटतात. हा विषय महत्त्वाचा आहे, पण "सुंदर सिल्हूट" म्हणून तो टाकू नका. काढायचाच तर गाव, महिना, विहीर किती लांब आहे ते विचारून लिहा आणि फोटोसोबत द्या. तेवढी माहिती द्यायची नसेल तर त्यांना वाट मोकळी करून द्या.

बोहाडा बघायला मिळाला तर भाग्य समजा. रात्रभर संबळ आणि पिपाणीच्या तालावर एकेक सोंग येतं, मुखवटे घालून देव-दानव नाचतात. गावकऱ्यांसाठी तो खेळ नाही, देवकार्य आहे. मुखवट्याला हात लावू नका, वाटेत उभे राहू नका, आणि फ्लॅश तर अजिबात नको: उजेडाचा लोट पडला की टेंभ्यांचा (मशालींचा) तांबूसपणा मरतो आणि नाचणाऱ्याचे डोळेही दिपतात. आयएसओ ३२०० ते ६४००, १/१२५ सेकंद, लेन्स जेवढी उघडेल तेवढी. बरेच फोटो हललेले येतील. सोंग पावलं टाकताना क्षणभर थबकतं, संबळ ऐकत राहिलात की तो थबका आधीच कळायला लागतो. बटण तेव्हा दाबा.

सातवी पायरी: गड आणि पाऊस

हरिहरच्या कातळपायऱ्यांचा फोटो पायऱ्या चढताना काढायचा नसतो. दोन्ही हात खोबण्यांत असायला हवेत. जो फोटो सगळ्यांना हवा असतो तो चढण सुरू होण्याआधी, समोरून मिळतो. शनिवार-रविवार टाळा. साल्हेर (१,५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वात उंच किल्ला, २०२५ मध्ये इतर मराठा किल्ल्यांसोबत जागतिक वारसा यादीत आला) पहिल्याच महिन्यात नको, आधी रामशेजसारखा सोपा गड करा.

पावसात कॅमेऱ्यापेक्षा काचेवरचं बाष्प जास्त छळतं. एसीच्या गाडीतून दमट हवेत उतरलात की लेन्स लगेच धुरकटते. पोहोचण्याच्या पंधरा मिनिटं आधी एसी बंद करा, खिडक्या उघडा. दोन सुती रुमाल, सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छत्री एवढं पुरतं. दुगारवाडीसारख्या ठिकाणी वर पाऊस झाला की ओढा बघता बघता चढतो आणि परतीची वाट बंद होते. पाणी गढूळ झालं किंवा काडीकचरा वाहून यायला लागला की ट्रायपॉड गुंडाळा, फोटो राहिला तर राहिला.

कुठे कॅमेरा काढायचा नाही

देवळालीचा लष्करी परिसर, नाशिकरोडचा नोटांचा छापखाना, ओझरचं विमानतळ आणि विमान कारखाना. त्र्यंबकेश्वराच्या मंदिरात आतमध्ये फोटो नाहीत. ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा जड असेल तर नोंदणी हवी, आणि उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तो भाग हिरवा आहे का ते बघा. अंजनेरीवर गिधाडांची घरटी आहेत आणि कंदीलपुष्पाची एक दुर्मिळ जात तिथे सापडते. अशा फोटोंवरचं ठिकाण काढून टाकूनच ते इतरांना पाठवा.

शेवटची पायरी: घरी आल्यावरचं काम

त्याच रात्री फोटो दोन ठिकाणी उतरवा, त्यातली एक प्रत घराबाहेर किंवा क्लाउडवर. मग दोन दिवस बघू नका. तिसऱ्या दिवशी निवड करा, दहातला एक ठेवा. प्रत्येकाला गाव, तारीख आणि माणसाने सांगितलेली एखादी गोष्ट लिहून ठेवा. वर्षभरानंतर ते आठवत नाही.

एक अभ्यास मुद्दाम सुचवतो. त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी चित्रपट काढण्याआधी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची वाढ रोज एकेक चौकट घेऊन टिपली होती. तुम्ही ओळखीच्या एका द्राक्षबागेत हेच करा. ऑक्टोबरच्या छाटणीपासून काढणीपर्यंत दर रविवारी, त्याच खांबाजवळ, त्याच उंचीवरून, त्याच वेळी एक फोटो. खांबावर खडूने खूण करा, म्हणजे चौकट सरकणार नाही. उघड्या काड्या, फुटवा, फुलोरा, मणी, भरलेले घड असा सगळा हंगाम ओळीने दिसतो.

आणि ज्यांचे फोटो काढलेत त्यांना प्रती द्या. पाड्यावर व्हॉट्सॲप असलं तरी कागदावरच्या फोटोचं मोल वेगळं. चार बाय सहाची प्रिंट शहरात कुठल्याही स्टुडिओत स्वस्तात होते. मागे नाव आणि गाव पेन्सिलीने लिहा, शाई पुढच्या फोटोला लागते. स्वतः जाणं जमत नसेल तर पाकीट बंद करून गावच्या शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर टपालाने पाठवा, आणि कुणाकुणाला द्यायचे त्याची यादी आत ठेवा.